एक ज्यूल उलटा गेला तर?

हर्णे बंदरात लिलाव संपला की सुरमई पेटीत पडते आणि तिच्यावर बर्फाचा चुरा. मासा 30 अंशांवर आहे असं धरा. एक किलोची सुरमई शून्यावर आणायची, तर तिच्यातून साधारण एक लाख ज्यूल उष्णता काढावी लागते. त्यात तीनशे ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळतो. उष्णता माशातून बर्फात जाते. बर्फ आणखी गार झाला नि सुरमई तापली, असं कुणी पाहिलेलं नाही. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम तो हाच.

या नियमाच्या मुळाशी शक्यतेचा हिशेब आहे. उष्णता सुलट जाण्याची शक्यता उलट जाण्याच्या किती पट, याचं सूत्र जार्झिन्स्की आणि वोयचिक या भौतिकशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये मांडलं. त्यात मासा आणि बर्फ यांची तापमानं आणि फक्त एक ज्यूल घालून पाहू. तेवढ्यात जेमतेम 3 मिलिग्रॅम बर्फ वितळतो. उत्तर येतं ते असं: 1 आणि त्यापुढे सुमारे 1.1 कोटी लाख कोटी शून्यं. ही नुसती शून्यांची संख्या. दर मिलिमीटरला एक शून्य लिहीत गेलं, तर ती ओळ पार करायला प्रकाशालाही चौदा महिने लागतील.

आता त्याच सूत्रात हायड्रोजनचं एक अणुकेंद्रक घाला. 500 मेगाहर्ट्झच्या एनएमआर (केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन) यंत्रात ते उलथवायला लागणारी ऊर्जा इतकी क्षुल्लक, की एक किलो बर्फ वितळवणाऱ्या उष्णतेत अशा 1 वर 30 शून्यं इतक्या उलथापालथी होतील. तापमानं तीच ठेवली, तर उलट दिशेच्या दर दहा लाख व्यवहारांमागे सुलट दिशेचे किती? दहा लाख नऊ!

प्रयोगात केंद्रकांना हवं ते तापमान देता येतं, त्यामुळे हा फरक मोजण्याजोगा होतो. पुण्याच्या आयसरमध्ये सोहम पाल, टी. एस. महेश आणि बिजय कुमार अग्रवाला यांनी केंद्रकांची अशी जोडी वेगवेगळ्या तापमानांना आणली, त्यांच्यात ऊर्जेची देवाणघेवाण होऊ दिली आणि 2019 मध्ये हे सूत्र पडताळलं. गारातून गरमाकडे ऊर्जा जाण्याची शक्यता तिथे शून्य नव्हती. सुलट आणि उलट यांचं प्रमाण मात्र सूत्राबरहुकूम निघालं.

मग नियम कडक कुठे होतो? पुन्हा बर्फाकडे या. पाण्याचा एक रेणू बर्फातून सुटण्याइतकी उष्णता घेतली, तर सुलट-उलट प्रमाण 13 ला 10. दहा रेणूंपुरती घेतली, तर जवळजवळ 14 ला 1. शंभर रेणूंपुरती घेतली, तर 24 हजार कोटींना 1. एका ग्रॅम बर्फात असे रेणू असतात 33 वर 21 शून्यं इतके. दुसऱ्या नियमाला अपवाद दिसत नाही, तो एवढ्या गर्दीमुळे.