सरकी, म्हैस आणि तुपाची परीक्षा

वऱ्हाड-खानदेशासारख्या कापसाच्या मुलखांत दुभत्या म्हशीला सरकी चारण्याची चाल फार जुनी आहे. सरकीवर पोसलेल्या म्हशीचें तूप घट्ट होतें. परंतु हेंच निर्भेळ तूप रासायनिक परीक्षेंत भेसळीचें ठरण्याचा संभव असतो. पदरचें कांहींही न मिसळणाऱ्या गवळ्यावर हा आळ कां यावा, याचें उत्तर म्हशीच्या दावणींत सांपडतें.

कोणतेंही तेल वा तूप मुख्यतः मेदाम्लांचें बनलेलें असतें. हीं आम्लें म्हणजे कार्बनच्या अणूंच्या लहानमोठ्या सांखळ्या होत. हिरव्या गवतांत स्निग्धांश थोडा. त्यांत लिनोलेनिक आम्ल बरेंच असतें. उष्ण प्रदेशांत गवत लवकर जून होतें, उन्हानें वाळतें, आणि तो थोडा अंशही घटतो. कडब्यांत तर तो नांवालाच उरतो. ही उणीव सरकीनें भरून निघते. सरकींत शेंकडा सुमारें १८ ते २० भाग तेल असतें, व त्या तेलांत निम्म्याच्या आसपास लिनोलिक आम्ल असतें.

हें तेल दुधांत जसेंच्या तसें उतरत नाहीं. म्हशीच्या पहिल्या पोटांतील सूक्ष्म जंतु लिनोलिक आम्लाला हायड्रोजन जोडतात, आणि त्याचें बरेंचसें रूपांतर घट्ट अशा स्टिअरिक आम्लांत होतें. वनस्पति तुपाच्या कारखान्यांत तेल घट्ट करतात तें याच तत्त्वानें. याउलट, चाऱ्यांतील तंतु आंबून जीं द्रव्यें निघतात, त्यांपासून कासेंत आंखूड सांखळीचीं आम्लें बनतात. त्यांतील ब्युटिरिक आम्ल अवघ्या ४ कार्बनांचें असतें. लांब सांखळीचीं आम्लें आयतीं मिळूं लागलीं, कीं कासेंतील हें काम मंदावतें.

रायकर्ट-माइसल अंक मोजतो तो नेमका या आंखूड, वाफेबरोबर उडणाऱ्या आम्लांना. बहुतेक वनस्पति तेलांत तीं नसतातच. म्हणून अंक उतरला, कीं तेल मिसळल्याचा संशय येतो. हाल्फेनच्या परीक्षेंत सरकीचें तेल गंधकाबरोबर तांबडा रंग देतें. त्या रंगास कारण होणाऱ्या मेदाम्लांचा लेश दुधांतही उतरत असल्यामुळें शुद्ध तूपही कधीं तसाच रंग देतें.

ही अडचण ध्यानीं घेऊन १९५५ च्या अन्नभेसळ-प्रतिबंधक नियमांत कापूसपट्ट्यांतील तुपासाठीं या अंकाची निराळी, खालची मर्यादा ठरविण्यांत आली. पण सवलतीच्या आडून लबाडीही चालते. म्हणून एकाच अंकावर निकाल देणें युक्त नव्हे. वनस्पति तुपांत तिळाचें तेल घालण्याची सक्ती झाली ती याचसाठीं. तिळाच्या तेलाचा रंग बोदुआँच्या परीक्षेंत उमटला, कीं भेसळ उघड होते.

सरकीलाही मर्यादा हवी. एकंदर शुष्क खाद्यांत स्निग्धांश शेंकडा ६-७ च्या पुढें गेला, तर तंतु पचविणारे जंतु दुबळे होतात आणि म्हैस चारा टाकूं लागते. सरकींतील गॉसिपॉल हें द्रव्य लहान वासरांस विशेष बाधक असतें.

तेव्हां तूप नेहमींपेक्षां घट्ट निघालें, एवढ्यावरून घरच्या गवळ्यास लबाड ठरवूं नये. आणि तें घट्ट आहे म्हणून शुद्धही मानूं नये. आधीं म्हशीला काय घालतात तें विचारावें, आणि मग शंका उरल्यास प्रयोगशाळेकडे जावें.