खेरसॉन : ज्या नदीमुळे शहर वसलं, तीच नदी युद्धाची रेषा का बनते?

11 नोव्हेंबर 2022 चे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. एका चौकात हजारो लोक जमलेत, युक्रेनच्या सैनिकांना मिठ्या मारतायत, म्हाताऱ्या बायका रडतायत, निळे-पिवळे झेंडे फडकतायत. त्याच दिवशी इंटरनेटवर कलिंगडाचे मीम्स फिरत होते. कारण हा भाग कलिंगडांसाठी प्रसिद्ध आहे आणि युद्धाच्या काळात कलिंगड ही त्याची ओळख बनली होती.

ते शहर होतं खेरसॉन. आठ महिने रशियाच्या ताब्यात राहून ते सुटलं होतं. बातम्यांमध्ये गोष्ट इथे संपली, पण शहरात ती संपली नाही. तिथले लोक आजही ड्रोनच्या भीतीने बाजारात जातात. असं का, हे समजून घ्यायचं तर 2022 च्या बरंच मागे जावं लागतं. आणि सुरुवात करावी लागते एका नदीपासून.

आधी नकाशा समजून घेऊ

नीपर ही युरोपातली एक मोठी नदी. युक्रेनमध्ये तिला द्नीप्रो म्हणतात. सुमारे 2,200 किलोमीटर लांबीची ही नदी रशियात उगम पावते, बेलारूसमधून युक्रेनमध्ये येते, राजधानी कीव्हजवळून वाहते आणि शेवटी काळ्या समुद्राला मिळते. समुद्राला मिळण्याच्या थोडं आधी, तिच्या उजव्या तीरावर खेरसॉन आहे. इथून खाली समुद्राचा रस्ता, वर युक्रेनच्या पोटात जाणारा रस्ता आणि दक्षिणेला, पलीकडच्या तीरावरून, क्रिमियाकडे जाणारा रस्ता.

म्हणजे ज्याच्या हातात खेरसॉन, त्याच्या हातात नीपरचं तोंड. या एका कारणासाठी इथे शहर उभं राहिलं आणि याच कारणासाठी त्याच्यावर पुन्हा पुन्हा सैन्य चालून आलं.

शहराच्या आधी इथे कोण होतं?

रशियाच्या बाजूने एक दावा सतत ऐकू येतो : हा प्रदेश ओसाड होता, तो आम्ही वसवला. पण हा भाग रिकामा नव्हता. नीपरच्या मुखाजवळ अडीच हजार वर्षांपूर्वी ओल्बिया नावाची ग्रीक वसाहत होती. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने या नदीबद्दल लिहून ठेवलंय, तिला तो बोरिस्थेनिस म्हणतो. पुढे याच नदीवरून उत्तरेकडचे व्यापारी कीव्हमार्गे आजच्या इस्तंबूलपर्यंत माल नेत असत.

सोळाव्या शतकापासून इथे दोन मोठ्या ताकदी होत्या. एकीकडे क्रिमियाचे तातार खान आणि त्यांच्या पाठीशी उस्मानी तुर्क. दुसरीकडे झापोरोझियन कोसॅक, म्हणजे नदीकाठी राहणारे, स्वतःचा म्होरक्या स्वतः निवडणारे लढवय्ये. त्यांच्या तळाला 'सिच' म्हणत. 1711 ते 1734 या काळात त्यांचा एक सिच खेरसॉनच्या अगदी समोर, पलीकडच्या तीरावर ओलेश्की इथे होता. युक्रेनमध्ये या कोसॅकांना आजही मोठा मान आहे, तिथल्या राष्ट्रगीतातही त्यांचा उल्लेख येतो.

1775 मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिने त्यांचा शेवटचा सिच मोडून काढला. त्यानंतर तीनच वर्षांनी खेरसॉनची स्थापना झाली.

1778 : आरमारासाठी वसवलेलं शहर

1774 मध्ये तुर्कांचा पराभव करून रशियाने काळ्या समुद्राकडे जायची वाट मोकळी केली होती. पण समुद्र मिळाला तरी आरमार नव्हतं. जहाजं बांधायची कुठे? थेट किनाऱ्यावर बांधली तर शत्रूच्या तोफांसमोर येतात. म्हणून नदीत थोडं आत, सुरक्षित जागा निवडली गेली. 1778 मध्ये कॅथरीनने किल्ला, गोदी आणि शहर उभारण्याचा हुकूम काढला. काम सोपवलं तिचा विश्वासू सरदार ग्रिगोरी पोटेम्किन याच्यावर.

नावसुद्धा विचार करून दिलं. क्रिमियातल्या खेरसोनेस या प्राचीन ग्रीक शहरावरून 'खेरसॉन'. ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थ द्वीपकल्प. खेरसॉन काही द्वीपकल्पावर नाही. पण कॅथरीनला आपलं साम्राज्य प्राचीन ग्रीक वारशाशी जोडायचं होतं आणि नजर तुर्कांच्या राजधानीवर होती.

शहर बांधलं सैनिकांनी, मजुरांनी आणि कैद्यांनी. साथीचे रोग कायमचे मुक्कामाला असत. तुरुंग सुधारणांसाठी युरोपभर ओळखले जाणारे इंग्रज समाजसुधारक जॉन हॉवर्ड रशियन सैन्याच्या रुग्णालयांची अवस्था बघायला इथे आले आणि जानेवारी 1790 मध्ये तापाने इथेच गेले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ शहरात आहे.

1783 मध्ये रशियाने क्रिमिया गिळला आणि 1787 मध्ये कॅथरीन स्वतः हा नवा प्रदेश बघायला आली. 'पोटेम्किन गाव' म्हणजे दिखाव्यासाठी उभा केलेला खोटा देखावा, हा जगभर वापरला जाणारा शब्द याच दौऱ्यातून आला. राणीला खूश करायला पोटेम्किनने नदीकाठी खोटी गावं उभी केली, अशी ती कथा. ती बरीचशी फुगवलेली आहे असं इतिहासकार म्हणतात. खेरसॉनची गोदी मात्र खरी होती.

पण नदी उथळ होती. बांधलेली मोठी जहाजं गाळावरून पुढे न्यायला खास तराफ्यांचा आधार द्यावा लागे. हळूहळू जहाजबांधणी मिकोलायिव्हला गेली, व्यापार ओडेसाला गेला आणि खेरसॉन मागे पडलं. पोटेम्किन 1791 मध्ये वारला, त्याला खेरसॉनच्या सेंट कॅथरीन चर्चमध्ये पुरलं. ही कबर लक्षात ठेवा, पुढे तिची गोष्ट येणार आहे.

आणखी एक मुद्दा. 1897 च्या जनगणनेत खेरसॉन शहरात रशियन, यिडिश आणि युक्रेनियन बोलणारे असे तीन मोठे गट होते. शहराबाहेर पडलं की चित्र बदलायचं, सगळ्या खेरसॉन प्रांतात निम्म्याहून जास्त लोकांची भाषा युक्रेनियन होती. म्हणजे शहर वसवायचा हुकूम रशियन सम्राज्ञीचा असला, तरी इथली वस्ती एकट्या रशियनांची कधीच नव्हती.

नदी पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा सीमा बनते

1917 मध्ये झारची सत्ता कोसळली आणि खेरसॉनवर कुणाचाच ताबा टिकेना. बोल्शेविक आले, मग जर्मन आणि ऑस्ट्रियन फौजा, मग फ्रेंच आणि ग्रीक तुकड्या, मग झारच्या बाजूचं 'श्वेत' सैन्य आणि पुन्हा बोल्शेविक. 1920 मध्ये लाल सेना उजव्या तीरावर आणि श्वेत सैन्य डाव्या तीरावर असं चित्र होतं. मध्ये नीपर. नदी ओलांडायची कशी, हाच त्या लढाईतला मुख्य प्रश्न होता. लाल सेनेने खेरसॉनच्या वरच्या बाजूला काखोव्का इथे नदी ओलांडली आणि पुढे श्वेत सैन्याचा पाडाव झाला. त्यानंतर याच भागाने दोन दुष्काळ पाहिले. त्यातला 1932-33 चा 'होलोडोमोर' हा स्टालिनच्या धोरणांमुळे पडलेला, लाखो बळी घेणारा दुष्काळ होता.

ऑगस्ट 1941 मध्ये नाझी जर्मनीने खेरसॉन घेतलं. महिन्याभरातच शहरातल्या हजारो ज्यूंना बाहेर नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. जी माणसं शतकभर या शहराचा मोठा हिस्सा होती, ती काही दिवसांत संपवली गेली.

नोव्हेंबर 1943 मध्ये सोव्हिएत सैन्य डाव्या तीरावर पोहोचलं. पण जर्मन फौजा उजव्या तीरावर घट्ट बसल्या होत्या. चार महिने नदी पुन्हा युद्धाची रेषा होती. 13 मार्च 1944 रोजी खेरसॉन सुटलं, तोवर शहर जवळपास रिकामं झालं होतं.

धरण बांधलं, शेती फुलली

युद्धानंतर सोव्हिएत सरकारने काखोव्का इथे मोठं धरण बांधलं. 1956 च्या सुमारास त्यामागे 2,000 चौरस किलोमीटरहून मोठा जलाशय तयार झाला. तिथून कालवे निघाले, एक थेट क्रिमियापर्यंत गेला. कोरड्या माळावर पाणी आलं, कलिंगडं, टोमॅटो, धान्य पिकू लागलं.

1991 मध्ये सोव्हिएत संघ मोडताना युक्रेनमध्ये सार्वमत झालं. खेरसॉन प्रांतात सुमारे 90 टक्के मतं स्वतंत्र युक्रेनच्या बाजूने पडली. या शहरातल्या बऱ्याच लोकांची घरची भाषा रशियन होती आणि त्यांनीही देश निवडला तो युक्रेन.

2014 मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यावर युक्रेनने त्या कालव्याचं पाणी अडवलं. 24 फेब्रुवारी 2022 रोजी क्रिमियातून निघालेल्या रशियन फौजांनी सुरुवातीलाच ज्या गोष्टी ताब्यात घेतल्या, त्यात हा कालवा होता.

आठ महिन्यांचा ताबा

शहरात शिरायचा मार्ग होता नीपरवरचा अंतोनिव्का पूल. त्यासाठी जोरदार लढाई झाली. 2 मार्च 2022 रोजी खेरसॉन पडलं. फेब्रुवारी 2022 नंतर रशियाच्या हाती लागलेलं हे युक्रेनचं एकमेव प्रांत-मुख्यालय.

रशियन सैन्याचं फुलांनी स्वागत होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात लोक हातात युक्रेनचे झेंडे घेऊन निःशस्त्र रस्त्यावर उतरले. निदर्शनं मोडल्यावर रात्री झाडांना, खांबांना पिवळ्या फिती बांधल्या जाऊ लागल्या. दुसरीकडे रुबल आला, रशियन पासपोर्ट आले, शाळांत रशियन अभ्यासक्रम आला. अनेकांना उचलून नेलं, छळ झाले. सप्टेंबरमध्ये बंदुकीच्या धाकात 'सार्वमत' घेतलं गेलं आणि 30 सप्टेंबरला पुतिन यांनी हा प्रांत रशियाचा असल्याचं जाहीर केलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 143 देशांनी या विलीनीकरणाच्या विरोधात मत दिलं. भारत तटस्थ राहिला.

पण रशियाचा पेच जुनाच होता. फौज उजव्या तीरावर आणि रसद डाव्या तीरावरून. अमेरिकेने दिलेल्या हायमार्स रॉकेटनी युक्रेनने अंतोनिव्का पूल निकामी केला आणि रशियन सैन्याची कोंडी झाली. नोव्हेंबरमध्ये रशियाला नदी ओलांडून मागे जावं लागलं.

जाताना काय नेलं?

शहरातल्या कला संग्रहालयातली हजारो चित्रं ट्रकमध्ये भरून क्रिमियाला नेली. प्राणिसंग्रहालयातला एक रॅकूनसुद्धा नेला, त्याचे मीम्स तेव्हा जगभर गाजले. आणि दोनशे वर्षांहून जुन्या कबरीतून पोटेम्किनच्या अस्थी काढून नेल्या.

अस्थी कशासाठी? पुतिन 2014 पासून 'नोव्होरोसिया', म्हणजे 'नवा रशिया' हा कॅथरीनच्या काळातला शब्द वापरत होते. त्यांच्या मते हा प्रदेश मुळात रशियाचाच. त्या दाव्याचा सर्वात मोठा नायक पोटेम्किन. शहर हातचं गेलं, पण त्याचा संस्थापक मागे ठेवायचा नव्हता.

तिसऱ्यांदा तीच रेषा

रशियन सैन्य डाव्या तीरावर थांबलं आणि नदी पुन्हा सीमा झाली. 6 जून 2023 च्या पहाटे काखोव्का धरण फुटलं. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर आरोप केले. धरण तेव्हा रशियाच्या ताब्यात होतं आणि आतून स्फोट झाल्याकडे तज्ज्ञांनी बोट दाखवलं. खेरसॉनमध्ये पाणी 5 मीटरहून जास्त चढलं. डझनावारी गावं बुडाली. डावा तीर उजव्यापेक्षा सखल असल्याने जास्त हानी रशियाच्या ताब्यातल्या ओलेश्कीसारख्या गावांत झाली आणि तिथल्या मृतांचा नेमका आकडा आजही वादात आहे. कालवे कोरडे पडले. जलाशयाच्या तळावर आता विलोची झाडं उगवली आहेत.

त्यानंतर आले छोटे ड्रोन. पलीकडच्या तीरावर बसलेला माणूस पडद्यावर बघून ड्रोन उडवतो आणि रस्त्यावरच्या सायकलस्वारावर, बसवर, रुग्णवाहिकेवर बॉम्ब टाकतो. लोक याला 'माणसांची शिकार' म्हणतात. मे 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने हे हल्ले मानवतेविरुद्धचे गुन्हे असल्याचा निष्कर्ष काढला. ड्रोन अडकावेत म्हणून शहरातल्या रस्त्यांवर जाळी लावावी लागली. युद्धाआधी इथे पावणेतीन लाखांहून जास्त लोक राहत. आता त्यातला छोटा हिस्सा उरलाय, बहुतेक वयस्कर.

मग खेरसॉन कुणाचं?

सोशल मीडियावर या युद्धाबद्दल वाद घालताना 'हे शहर तर कॅथरीनने वसवलं' हे वाक्य नेहमी फेकलं जातं. वाक्य खरं आहे, पण अर्धंच. ज्याने शहर वसवलं त्याचाच हक्क असा नियम लावला, तर जगातल्या निम्म्या शहरांवर कुठल्या ना कुठल्या जुन्या साम्राज्याला दावा सांगता येईल. मुंबईच्या किल्ल्यावर ब्रिटनने दावा सांगितला तर आपण ऐकून घेऊ का?

खेरसॉनच्या लोकांना त्यांचं मत दोनदा दाखवता आलं. 1991 मध्ये मतपेटीतून आणि मार्च 2022 मध्ये रणगाड्यांसमोर उभं राहून. दोन्ही वेळा उत्तर एकच होतं. पण रशियाने खेरसॉनवरचा दावा सोडलेला नाही. म्हणून पुढच्या वेळी युद्धविरामाच्या बातमीत 'सीमा नीपर नदीवर गोठवायची' असा प्रस्ताव वाचलात, तर एवढं लक्षात ठेवा की ती रेषा एका शहराच्या दारातून जाते. नदीच्या या काठावरून त्या काठावर गोळी पोहोचते, तोवर खेरसॉन सुटलं असं म्हणता येत नाही.