कचेरीतली इंग्रजी क्रियापदं : ‘कंडोन’

मागच्या आठवड्यात ‘वेव्ह’ पाहिलं. आपला हक्क किंवा येणं आपण होऊन सोडून देणं, म्हणजे ‘वेव्ह’. ‘कंडोन’ त्याच्या शेजारचं, पण इथे कुणीतरी आधीच चुकलेलं असतं. ज्याला जाब विचारण्याचा अधिकार आहे, तो ती चूक पोटात घालतो आणि पुढचं काम चालू देतो. उच्चारताना जोर ‘डोन’वर द्यायचा.

आपल्याकडे हे क्रियापद सर्वांत जास्त राबतं ते कोर्टात. अपील मुदतीत दाखल झालं नाही की वकील पक्षकाराला सांगतात, ‘डिले कंडोन करून घ्यावा लागेल.’ मग विलंब माफीचा अर्ज तयार होतो आणि मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ५ चा आधार घेतला जातो. गंमत अशी, की त्या कलमाच्या इंग्रजी मजकुरात ‘कंडोन’ हा शब्दच नाही. पुरेसं कारण दाखवलं तर मुदतीनंतरही अपील दाखल करून घेता येईल, एवढंच तिथे म्हटलंय. ‘कंडोन’ रूढ केलं ते वकिलांनी आणि न्यायाधीशांनी. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने याबाबत सढळ धोरण घेतलं. प्रत्येक दिवसाच्या विलंबाचा खुलासा मागायचा, तर मग प्रत्येक तासाचा आणि सेकंदाचा का नको, असं न्यायालयानेच विचारलं होतं. २०१२ मध्ये मात्र टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा विलंब त्याच न्यायालयाने माफ केला नाही. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, ही सबब सरकारी खात्यालाही पुरत नाही, असा त्याचा मथितार्थ.

सरकारी मराठीत याला ‘क्षमापित करणे’ म्हणतात. ‘सेवाखंड क्षमापित करणे’ हे शब्द निवृत्तीवेतनाची फाइल हाताळणाऱ्या कुठल्याही कारकुनाला तोंडपाठ असतात. शब्द बोजड आहे खरा, पण ‘कंडोन’चा तोरा त्यात बरोबर उतरलाय. नोकरीतला खंड काही पुसला जात नाही. तो नियमाच्या आड येणार नाही, एवढंच साहेब लिहून देतात.

या क्रियापदाची खरी खोली कळते ती घटस्फोटाच्या कायद्यात. हिंदू विवाह अधिनियमाचं कलम २३ सांगतं, की क्रूरतेची तक्रार करणाऱ्याने ती क्रूरता आधीच ‘कंडोन’ केलेली नसावी. पुण्यात लग्न झालेल्या एका दांपत्याचा खटला १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूडही मूळ पुण्याचेच. पत्नीचं वागणं क्रूरतेचं होतं, हे न्यायालयाने मान्य केलं. तरी पती हरला. कारण ते सगळं घडत असतानाही दोघांचे पतीपत्नीचे संबंध चालू राहिले होते आणि त्यातून तिसरं अपत्य झालं होतं. ‘मी तुला क्षमा केली’ असं पतीने कुठे लिहून दिलं नव्हतं, पण त्याच्या वागण्यातून न्यायालयाने तेच वाचलं. शिवाय हे ‘कंडोन’ करणं सशर्त असतं. समोरचा पुन्हा तसाच वागला, तर पोटात घातलेला जुना अपराधही पुन्हा उभा राहतो. या खटल्यात पत्नीचं नंतरचं वागणं त्या थराचं नव्हतं, असं ठरलं.

आता वापराकडे. ‘कंडोन’ होतं ते कृत्य, माणूस नव्हे. ‘फरगिव्ह’च्या पुढे माणूस येऊ शकतो, ‘आय कंडोन यू’ कुणी म्हणत नाही. आणि पोटात घालायचं तर मुळात काहीतरी चुकीचं घडलेलं हवं. त्यामुळे ‘समितीने प्रस्ताव कंडोन केला’ असं इंग्रजीत लिहिलंत, तर तो प्रस्तावच अपराध ठरतो. तिथे ‘अप्रूव्ह’ हवं. शोकसभेच्या ‘कंडोल’शीही गल्लत नको. अर्जाच्या शेवटी ‘काइंडली कंडोन द डिले’ लिहिण्याची आपली रीत ठीक आहे, फक्त मित्राला उशिरा पाठवलेल्या उत्तरात ती नको. तिथे ‘सॉरी’ पुरतं.

कोर्टाबाहेरच्या इंग्रजीत हे क्रियापद बहुतेक वेळा नकार घेऊनच येतं : ‘वुई डू नॉट कंडोन व्हायोलन्स’. पक्षांच्या आणि कंपन्यांच्या पत्रकांचं हे लाडकं वाक्य. त्याच्यापुढे ‘बट’ आला की कान टवकारावेत. पुढच्या ओळीत बहुधा तेच कृत्य समजून घेण्याची विनंती असते.

कलम २३ मध्ये ‘कंडोन’च्या शेजारीच ‘कनाइव्ह’ बसलंय. ‘कंडोन’ची पाळी गुन्हा घडून गेल्यावर येते, ‘कनाइव्ह’ करणाऱ्याची मूक संमती तो घडण्याआधीच मिळालेली असते. ते पुढच्या आठवड्यात.