पसारा आवरा, शिलाई सावरा!

बिस्किटांचा डबा आशेने उघडावा आणि आत सुई-दोरे निघावेत, हा अनुभव तुम्हीही घेतला असेलच. आमच्याकडे गेल्या वर्षी उलटं झालं. सुई-दोरे घरभर होते, फक्त डब्यात नव्हते!

कॉलेज सांभाळून पोटल्या आणि टोट बॅग शिवून विकायचा उद्योग मी सुरू केला होता. आईचं शिलाई मशीन, दहा बाय दहाची खोली आणि पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेलं पिशव्या भरभरून सामान. गणपतीच्या आठवड्यात बारा पोटल्यांची ऑर्डर होती आणि नेमकं तेव्हाच मशीन टाके सोडायला लागलं. शेवटी दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी सुईखालची प्लेट काढली आणि चिमट्याने आतून तंतूंचा चांगला जाडजूड थर बाहेर ओढला. मग सुई बदलली. दहा मिनिटांत मशीन ठणठणीत! जाताना काका म्हणाले, ‘मशीन चांगलंय गं, खोली आजारी आहे.’

रात्री जेवताना आई सहज बोलून गेली, ‘चार महिन्यांत मी साधा उशीचा अभ्रा शिवला नाहीये. बसायला जागा कुठाय?’ हे जास्त लागलं. मशीन तिचं होतं, खोलीही तिचीच होती. पसारा तेवढा माझा होता.

पुढच्या रविवारी दोघी मिळून बसलो. त्यातून शिकलेल्या या काही गोष्टी.

आधी सगळं बाहेर काढा : सामान जमिनीवर मांडलं की कळतं, आपण एकाच रंगाची चेन तीनदा विकत घेतलीय. सापडत नाही म्हणून पुन्हा आणायचं, हाच खरा खर्च.

कापड उभं ठेवा : एकावर एक थप्पी लावली तर खालचं काढताना वरचं कोसळतं. सारख्या मापाच्या घड्या करून पुस्तकांसारख्या उभ्या लावा. रिळं उन्हात ठेवू नका, रंग उडतो आणि दोराही कमजोर होतो.

चिंध्यांना नियम लावा : रुमालाहून मोठा तुकडा घडी घालून ठेवायचा. तळहाताएवढा असेल तर गोधडीच्या पिशवीत. त्याहून बारीक चिंध्या उशीत किंवा पिनकुशनमध्ये भरायच्या. ‘कधीतरी लागेल’ नावाची पिशवी ठेवायचीच नाही.

कात्र्या वेगळ्या हव्यात : कागद कापला की कापडाच्या कात्रीची धार जाते. कापडाच्या कात्रीला रंगीत फीत बांधा आणि घरच्यांना बजावून सांगा.

टाचण्या मोजा : खाली सांडलेल्या टाचण्या लोहचुंबकाने गोळा करा. मोडक्या सुया थेट कचऱ्यात टाकू नका, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागतात. गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत साठवा. भरली की झाकण घट्ट लावून, वर ‘सुया’ लिहून द्या.

मशीनची आंघोळ : आधी प्लग काढा. प्लेट उघडून बॉबिनजवळचे आणि दात्यांमधले तंतू ब्रशने झाडा. फुंकर मारू नका, कचरा आणखी आत जातो. तेल मशीनचंच वापरा, तेही माहितीपुस्तिकेत दाखवलंय तिथेच आणि थेंबभर. खोबरेल चिकट होतं. नंतर आधी चिंधीवर शिवून बघा, नाहीतर ऑर्डरच्या कापडावर डाग पडायचा. साधारण आठ तास शिलाई झाली की सुई बदलायची. सुती कापडाला १४ नंबर, डेनिमला १६ किंवा १८, शिफॉनसारख्या तलम कापडाला ९ किंवा ११.

खोली लहान असेल तर कापडाची कापाकापी डायनिंग टेबलवर करा, पण काम संपलं की टेबल रिकामं झालंच पाहिजे. मी आता रोज रात्री दहा मिनिटं आवरते. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू? पण सकाळी चेन शोधण्यात अर्धा तास जात नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनला हळद-कुंकू वाहतात. दरवर्षी वरवर पुसून फूल ठेवायचो. गेल्या वर्षी पहिल्यांदाच आतूनही साफ केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनच्या आवाजाने जाग आली. ऑर्डर तर कुठलीच नव्हती. बाहेर येऊन पाहिलं, तर आई अभ्रे शिवत बसली होती.