बाळ पुन्हा अंगावर घेताना

नवजात बाळाला स्तनाची पकड, म्हणजे केवळ स्तनाग्र नव्हे तर त्याभोवतीचा काळसर भागही तोंडात घेऊन चोखणे, साधले नाही की घरात वरच्या दुधाची बाटली येते आणि आईला दूधच नाही, असा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. वस्तुतः स्तन जितका रिकामा होतो तितके दूध अधिक तयार होते, आणि दूधनिर्मितीस चालना देणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक स्रवत असल्याने रात्रीची पाजणी टाळणे महागात पडते. म्हणून पकड जमेपर्यंत २४ तासांत किमान ८ वेळा हाताने वा पंपाने दूध काढून ते वाटी-चमच्याने किंवा आजीच्या काळातील, पण आजही उपयोगी असलेल्या, स्वच्छ उकळलेल्या बोंडल्याने पाजावे.

बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवल्यास, आणि भुकेने रडू लागण्यापूर्वी, ते हात चोखू लागताच स्तनाशी नेल्यास, ते बहुधा हळूहळू पुन्हा ओढू लागते. बळजबरीने डोके दाबल्यास मात्र ते अधिकच दूर सरते. जिभेखालचा पडदा आखूड वाटल्यास डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

आईच्या दुधाचे हे महत्त्व ओळखूनच मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, तर १९९२ च्या कायद्याने बाळाच्या डबाबंद दुधाच्या जाहिरातींना बंदी घातली. पुण्याजवळच्या सांगवीतील मातांना मदतीसाठी औंधचे जिल्हा रुग्णालय जवळच आहे. बाळाची लघवी कमी झाली, ते सुस्त झाले किंवा वजन वाढेना, तर तेथे जाण्यास विलंब करू नये.