ओटा बांधण्याआधी सिलिंडरची जागा ठरवा

स्वयंपाकघर नव्याने करताना फरशीचा रंग आधी ठरतो, सिलिंडरची जागा मात्र शेवटी. हे उलटं व्हायला पाहिजे. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो जमिनीलगत साचतो, त्यामुळे नुसत्या वरच्या खिडकीवर भागत नाही. सिलिंडर ओट्याखाली ठेवणार असाल तर बाहेरच्या भिंतीला तळाशी जाळी ठेवायला गवंड्याला आधीच सांगा. सिलिंडर उभाच ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. स्विच बोर्ड, फ्रिज लांब घ्या.

ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपरापासून ४ ते ६ इंच खाली धरा, नाहीतर रोज वाकून कंबर धरते.

गॅसचा वास आला तर बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर येऊन १९०६ वर फोन करा.