यंत्र वैरी कधी होते?

बालमित्रांनो, माणूस आणि यंत्र यांची लढाई तुम्ही सिनेमात पाहिली असेल. लोखंडी माणूस चालतो, बोलतो, गोळ्या झाडतो. मग लहान भाऊ रात्री विचारतो, "दादा, असं खरंच होते का?" चला, अशाच एका सिनेमाची गोष्ट पाहू.

सन २०१० मध्ये दिग्दर्शक शंकर यांनी 'एंदिरन' हा तमिळ सिनेमा काढला. हिंदीत त्याचे नाव 'रोबोट'. नायक रजनीकांत. ते मराठी घरातले बरं का! मूळ नाव शिवाजीराव गायकवाड, जन्म १९५० चा, बंगलोरचा. आधी ते बसचे कंडक्टर होते.

रोबोट हा शब्द चेक भाषेतला. कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून तो जगभर गेला. त्याच्या मुळाशी असलेल्या शब्दाचा अर्थ वेठबिगारी. म्हणजे मालकाने सांगावे आणि गड्याने मुकाट्याने करावे.

सिनेमात डॉ. वसीगरन हे शास्त्रज्ञ चिट्टी नावाचा यंत्रमानव तयार करतात. परीक्षेच्या वेळी बोहरा नावाचा दुसरा शास्त्रज्ञ त्याला हुकूम देतो आणि चिट्टी आपल्याच निर्मात्यावर सुरा उगारतो! त्याला राग आला होता का? मुळीच नाही. हुकूम आला, हात उठला.

पुढे बोहरा चिट्टीच्या अंगात एक लाल चकती बसवतो. झालं! चिट्टी आपल्यासारखे शेकडो चिट्टी बनवतो. ते एकमेकांना चिकटून कधी मोठा गोळा होतात, कधी साप. (ही सारी करामत कॉम्प्युटरच्या चित्रांची, भिऊ नका.) शेवटी वसीगरन त्याला चुंबकाने धरतात आणि लाल चकती काढतात. चिट्टी शांत! कोर्टात तोच चित्र दाखवतो की चकती बोहराने बसवली. पण धोका नको म्हणून कोर्ट त्याला मोडण्याचा हुकूम देते. चिट्टी स्वतःच्या हातांनी आपले भाग सुटे करतो.

आता आपल्या धानाच्या बांधीत या. हार्वेस्टर येतो, कापणी आणि चुरणी एकदमच करून जातो. शेतकऱ्याचे काम झटपट होते, पण विळा घेऊन निघालेल्या मायची मजुरी बुडते. मग हार्वेस्टर वैरी झाला का? त्याला बिचाऱ्याला काय कळते! तो कुठे चालवायचा, बुडालेल्या मजुरीच्या जागी दुसरे काम कोणते द्यायचे, हे माणसांनीच ठरवायचे असते. म्हणून यंत्र पाहिले की दोन प्रश्न विचारावे: हुकूम कोणाचा? फायदा कोणाचा?

सिनेमाच्या शेवटी शाळेची सहल संग्रहालयात येते. तिथे सुटा करून ठेवलेला चिट्टी असतो. याला का मोडले, असा प्रश्न एक विद्यार्थी विचारतो. चिट्टी उत्तर देतो की मी विचार करायला लागलो म्हणून.

मुलांनो, माणसाची गोष्ट याच्या उलट आहे. विचार करणे सोडले की माणसाचे यंत्र होते.